ओझे वाढले की ओढ किती वाढते?

उसाच्या फडातून भरलेली गाडी बाहेर काढताना तुम्ही पाहिलीच असेल. फडापासून बांधापर्यंत आणि बांधापासून सडकेपर्यंत शेपन्नास पावलांचे अंतर असते. पण बैलांना विचारता आले असते, तर साऱ्या प्रवासात हेच अंतर सर्वांत अवघड, असे त्यांनी सांगितले असते. पुढे गाडी डांबरी रस्त्याला लागते. गाडी तीच, ऊस तोच, बैलही तेच. पण आता गाडीवान कासरा सैल सोडून निवांत तंबाखू मळू लागतो. मग फडाच्या तोंडाशीच असे काय होते, की तिथे चाबूक वाजावा?

मी सात-आठ वर्षांचा असेन. आमच्या चुलत्यांची गाडी अशीच फडाच्या तोंडाशी रुतली. आदल्या रात्री पाटाचे पाणी फुटून वाट मऊ झाली होती. एका बाजूचे चाक वीतभर खाली गेले. चुलत्यांनी आधी हाळी दिली, मग पराणी टोचली, मग चाबूक काढला. डाव्या बाजूचा बैल गुडघ्यावर आला, तरी गाडी तसूभर हलली नाही. तेवढ्यात शेजारच्या रानातून तात्या आले. ते कोणाचे सख्खे नव्हते, पण साऱ्या गावाचे तात्या होते. त्यांनी चुलत्यांच्या हातातला चाबूक काढून घेतला आणि म्हणाले, "बैल खोटा नाही रं. तुझा हिशोब खोटा हाय. निम्म्या मोळ्या उतरीव, अन् चाकाखाली पाचट टाक." तसे केले. बैलांना पाणी पाजले, दम खाऊ दिला. मग नुसत्या हाकेसरशी गाडी बाहेर आली. उतरवलेल्या मोळ्या डोक्यावरून सडकेला नेऊन पुन्हा भरल्या. सारे मिळून तासभर मोडला असेल.

तात्यांचा तो हिशोब कोणता, हे मला फार पुढे, पदार्थविज्ञान शिकताना कळले. तोच हिशोब आज तुमच्यापुढे मांडायचा आहे. त्याला लागणारे सामान प्रत्येक गावात मिळते, आणि तो कोणत्याही शाळेच्या ओसरीवर पडताळून पाहता येतो. म्हणून हे भाषण जितके शेतकरी बंधू-भगिनींसाठी आहे, तितकेच ते शिक्षकांसाठीही आहे.

मध्यंतरी एका खेड्यातल्या शाळेत आठवीच्या वर्गापुढे बोलण्याचा प्रसंग आला. विषय होता घर्षण. मुलांना व्याख्या पाठ होती: एका पृष्ठभागावरून दुसरा पृष्ठभाग सरकताना त्या सरकण्याला जो विरोध होतो, त्यास घर्षण म्हणतात. व्याख्या बिनचूक होती. मी विचारले, "वस्तूचे ओझे दुप्पट केले, तर ती ओढायला जोर किती वाढेल?" वर्गात तीन तट पडले. काही म्हणाले, थोडासाच वाढेल. काही म्हणाले, दुप्पट. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "चौपट, सर. भरलेलं पोतं आणि रिकामं पोतं यांत लई फरक असतोय." मी म्हटले, वाद घालण्यापेक्षा ओढूनच पाहू.

सामान काय घेतले, ते सांगतो. शिक्षकांनी लिहून घ्यावे. जेवायला बसायचा एक लाकडी पाट, त्याला पुढे सुतळीचा फास. वाण्याच्या दुकानातली दोन-दोन किलोची तीन वजने. आणि पाच किलोपर्यंतचा एक ताणकाटा, म्हणजे हुकाला वस्तू अडकवून वजन करायचा स्प्रिंगचा काटा. जमीन म्हणून शाळेची शहाबादी फरशी. पाट तोलून पाहिला, तो बरोबर दोन किलो भरला. नाहीतर आम्ही वर थोडी वाळू ठेवणार होतो.

तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ताणकाटा आपण एरवी टांगून वापरतो. इथे तो आडवा धरायचा असतो. आडवा धरला की त्याची शून्याची खूण किंचित सरकते, म्हणून तो आडवा धरूनच आधी शून्य जुळवावे. दुसरे, सुतळी जमिनीला समांतर हवी. वर धरून ओढले, तर आपण पाट थोडा उचलतोही आणि ओझे कमी भरते. तिसरे, हिसका न देता सावकाश आणि एकसारखे ओढावे.

ताणकाटा जो आकडा दाखवतो, तो इथे ओढण्याचा जोर आहे. आपण तो किलोतच वाचू. शेतकऱ्याला तो ओळखीचा आहे. ज्यांना शास्त्रीय एकक हवे, त्यांनी त्याला 9.8 ने गुणावे, म्हणजे न्यूटनमध्ये उत्तर मिळेल.

आता गंमत ऐका. चार किलोचे ओझे झाले, म्हणजे पाट आणि वर एक वजन. एक मुलगा ओढत होता आणि दोघे जण आकडा वाचत होते. मुलाने सांगितले, "एक किलो नऊशे." मुलीने सांगितले, "एक किलो सहाशे." वर्ग हसला. दोघांपैकी एक जण चुकला, असे सर्वांना वाटले. मुलगा रागावला, मुलगी आपल्या आकड्यावरून हटेना. मी म्हटले, पुन्हा ओढा, आणि या वेळी सगळ्यांनी काट्याकडे पाहा. पाट जागचा हलत नाही तोवर काटा चढत जातो. तो एक किलो नऊशेपर्यंत जातो. पाट सुटतो, आणि सुटला की काटा एकदम खाली येऊन एक किलो सहाशेच्या आसपास स्थिरावतो. मुलाने सुटतानाचा आकडा वाचला होता, मुलीने सरकतानाचा. चुकले कोणीच नव्हते. चूक आमची होती. एकाच नावाखाली आम्ही दोन गोष्टी मोजत होतो.

पहिल्याला स्थितिक घर्षण म्हणतात, दुसऱ्याला गतिक घर्षण. नावे विसरलात तरी चालेल, अनुभव विसरू नका. जागची वस्तू हलवायला जास्त जोर लागतो, हलती ठेवायला कमी. धान्याची कोठी सरकवताना आपण "हां, आता!" म्हणून सगळे मिळून पहिला जोर लावतो आणि पुढे ती थांबू देत नाही, ते याचसाठी. रुतल्या गाडीवर बैलांचा सगळा दम जातो तो पहिल्याच पावलात, तेही काहीसे याचसाठी.

आम्ही फळ्यावर दोन रकाने केले. सरकतानाचे आकडे असे आले: दोन किलोला 750 ग्रॅम, चार किलोला 1 किलो 600, सहा किलोला 2 किलो 300, आठ किलोला 3 किलो 200. सुटतानाचे आकडे प्रत्येक वेळी याहून जास्त: 950 ग्रॅम, 1 किलो 900, 2 किलो 800 आणि 3 किलो 800.

आकड्यांकडे पाहताच दुप्पटवाल्यांचा तट खूष झाला. चारचे आठ झाले, तर 1.6 चे 3.2 झाले. पण एक हुशार मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, सहा किलोला 2.3 च्या जागी 2.4 लिहू का? म्हणजे पाढ्यात बसंल."

श्रोतेहो, त्या प्रश्नाने मला माझेच दिवस आठवले. महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असताना याच घर्षणाच्या प्रयोगात माझे आकडे पाढ्यात बसत नव्हते. मी शेजाऱ्याच्या वहीतले उत्तर पाहिले, त्यावरून उलट हिशोब करून आकडे तयार केले आणि वही तपासून घेतली. पुरे गुण मिळाले. पण माझे आकडे का बसत नव्हते, हे मला त्या दिवशी कळले नाही, ते नाहीच. त्या दिवशी माझ्या हातात एक खरा प्रश्न आला होता. तो मी पूर्ण गुणांना विकला.

म्हणून मी त्या मुलाला म्हटले, "खोडू नकोस. पुन्हा ओढ." त्याने सहा किलोचा पाट आणखी दोनदा ओढला. एकदा 2.5 आले, एकदा 2.4. आणि आम्हांला कारणही दिसले. दोन फरश्यांच्या सांध्याशी पाट थोडा अडखळत होता, आणि एका फरशीचा मधला भाग पोरांच्या पायांनी गुळगुळीत झाला होता. तिन्ही आकड्यांची सरासरी काढली, ती बरोबर 2.4 आली. म्हणजे शेवटी आकडा तोच लिहिला. पण आता तो मागून आणलेला नव्हता, मिळवलेला होता. शिक्षक मित्रांनो, हा फरक मुलांना एकदा कळला, तर घर्षणाचा धडा अर्धा राहिला तरी हरकत नाही.

आता या आकड्यांचा अर्थ पाहू. ओढीच्या जोराला ओझ्याने भागा. 1.6 ला 4 ने भागले तर 0.4. 2.4 ला 6 ने भागले तर 0.4. 3.2 ला 8 ने भागले तरी 0.4. पहिला आकडा जरा कमी भरतो, 0.375, पण हातकाट्यावर एवढा फरक चालायचाच. ओझे बदलले, ओढ बदलली, पण त्या दोहोंचे प्रमाण बदलले नाही. शंभर किलोमागे सुमारे चाळीस किलो ओढ. या प्रमाणाला घर्षणाचा गुणांक म्हणतात. मग आम्ही फरशीवर गोणपाट अंथरले, तर प्रमाण निम्म्याच्या वर गेले. पण तेही प्रत्येक ओझ्याला जवळजवळ तेवढेच राहिले. थोडक्यात, ओढीत दोन गोष्टी असतात: ओझे किती, आणि कशावर काय सरकते आहे. या दोहोंचा गुणाकार म्हणजे घर्षण.

हा नियम माणसाला एकदा नव्हे, दोनदा शोधावा लागला. इटलीतला थोर चित्रकार लिओनार्दो दा व्हिंची (1452–1519) याने लाकडाचे ठोकळे ओढून हे प्रयोग केले आणि आपल्या वह्यांत टिपून ठेवले. घर्षण ओझ्याच्या चौथ्या हिश्श्याइतके असते, असा त्याचा अंदाज होता. पण त्या वह्या लोकांपुढे आल्या नाहीत, आणि शोध वहीतच राहिला. पुढे 1699 मध्ये गिलोम आमोंतों या फ्रेंच संशोधकाने तोच नियम नव्याने मांडला. त्याला ते प्रमाण सुमारे एक तृतीयांश वाटले. त्यानंतर शार्ल कूलोम या फ्रेंच अभियंत्याने बंदरातल्या कामासाठी लाकूड, धातू आणि दोर यांचे पुष्कळ प्रयोग केले. ते 1785 मध्ये छापले गेले. सुटतानाचे घर्षण आणि सरकतानाचे घर्षण वेगळे धरावे, हे त्याच्या कामात स्पष्ट दिसते. आमच्या आठवीच्या वर्गात जो वाद झाला, तो असा जुना आणि मानाचा आहे.

इथे एक खुलासा करतो. पाठ्यपुस्तकात वस्तुमान आणि वजन हे दोन शब्द येतात, आणि मुले गोंधळतात. वस्तुमान म्हणजे वस्तूत द्रव्य किती आहे ते. वजन म्हणजे पृथ्वी त्या द्रव्याला खाली किती जोराने ओढते ते. सपाट जमिनीवर घर्षण ठरते ते वस्तू जमिनीला किती दाबते त्यावरून, म्हणजे वजनावरून. तोच पाट चंद्रावर नेला, तर द्रव्य तेवढेच राहील, पण वजन सहावा हिस्सा होईल आणि घर्षणही सहावा हिस्सा. पण त्याला झटकन वेग द्यायचा असेल, तर द्रव्य आडवे येते, ते इथेही आणि तिथेही. म्हणून भरली गाडी एकदम पळवू नये आणि एकदम थांबवूही नये. त्या हिसक्याचा भार घर्षणाहून वेगळा असतो, आणि तो जुवावर येतो.

आता वर्गात सर्वांत जास्त चकित करणारा प्रयोग सांगतो. एक वीट घ्या. ती आडवी, रुंद बाजूवर ठेवून ओढा. मग तीच वीट उभ्या कडेवर, अरुंद बाजूवर ठेवून ओढा. विटेच्या सगळ्या बाजू सारख्याच खरबरीत असल्या पाहिजेत. कोणत्या वेळी जास्त जोर लागेल? सगळा वर्ग एकमुखाने म्हणतो, रुंद बाजूला; जास्त जागा घासते ना! पण काटा दोन्ही वेळा जवळजवळ तोच आकडा दाखवतो.

असे का व्हावे? नुकतेच टाकी लावून घेतलेले जाते डोळ्यांपुढे आणा. वरची तळी खालच्या तळीवर बसलेली दिसते. पण खरोखर ती सगळी टेकलेली नसते. टाकीच्या घावांमधले उंचवटे तेवढे एकमेकांना टेकतात. गुळगुळीत दिसणारी फरशी आणि रंधा मारलेले लाकूडही सूक्ष्मदर्शकाखाली असेच उंचसखल असते. डोळ्यांना दिसते ती जागा मोठी, पण खरी टेकलेली जागा फार थोडी असते. ओझे वाढले की ते उंचवटे दबतात आणि नवे टेकू लागतात, म्हणून खरी टेकलेली जागा ओझ्याच्या प्रमाणात वाढते. वीट रुंद ठेवली तर तेच ओझे पुष्कळ उंचवट्यांत थोडे थोडे वाटले जाते. कडेवर ठेवली तर थोड्या उंचवट्यांवर जास्त जास्त पडते. खरी टेकलेली एकूण जागा दोन्ही वेळा तेवढीच भरते. केंब्रिजचे बाउडेन आणि टेबर या शास्त्रज्ञांनी 1950 मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात ही गोष्ट प्रयोगांनिशी उलगडून दाखवली.

पण सावध राहा. हा नियम टणक पृष्ठभागांचा आहे. मऊ रानात तो जसाच्या तसा लागू नाही. तिथे चाक घासत नाही, रुतते. अरुंद लोखंडी धाव सुरीसारखी मातीत शिरते आणि गाडीला सतत आपणच पाडलेल्या चरातून वर चढावे लागते. रुंद टायर कमी रुततो. तात्यांचे पाचटही तेच काम करत होते. चाकाचा भार जास्त जागेवर पसरवून चाक वर ठेवत होते. फरशीवरच्या विटेला रुंदी लागत नाही, पण मातीतल्या चाकाला लागते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कोठे कोणती, हे ओळखायचे.

चाकाकडे आता नीट वळू. पाटाखाली एरंडाच्या सरळ, गोल काठ्या आडव्या टाका आणि ओढा. जो पाट आठ किलोला तीन किलोच्या वर जोर मागत होता, तो करंगळीने ओढता येतो. काटा जेमतेम हलतो. घासण्याच्या जागी घरंगळणे आले. चाकाची सारी जादू हीच आहे. मात्र चाकातही घासणे पूर्ण जात नाही. ते जमिनीवरून उचलून आसापाशी नेलेले असते. म्हणून तर जुने गाडीवान वंगणाचे नळकांडे गाडीला टांगल्याशिवाय घर सोडत नसत. पुढे त्या जागी पोलादी गोळ्यांचे बेअरिंग आले, म्हणजे आसापाशीही घासण्याऐवजी घरंगळणेच आले.

आता तात्यांचा हिशोब मांडू. चारशे किलोंचा एक, असे दोन बैल घ्या. बैल दिवसभराच्या कामात आपल्या वजनाच्या साधारण एक दशांशाइतका जोर सतत लावू शकतो. म्हणजे जोडी मिळून ऐंशी किलो. क्षणभर ते याच्या कितीतरी पट जोर लावतील, पण तो जोर टिकणारा नव्हे. गाडी आणि ऊस मिळून दीड टन, म्हणजे 1500 किलो धरू. टायरची गाडी चांगल्या डांबरी रस्त्यावर असेल, तर ओझ्याच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकी ओढ पुरते: 30 किलो. बैल मजेत चालतात. तीच गाडी मऊ रानात आली, की प्रमाण सहज दहाव्या हिश्श्यावर जाते: 150 किलो. बैलांच्या टिकाऊ जोराच्या जवळजवळ दुप्पट. ओल असेल तर याहूनही वाईट. आता निम्म्या मोळ्या उतरवा. ओझे घटते, ओढही त्याच प्रमाणात घटते. बैल त्या आकड्याच्या आवाक्यात येतात. मधल्या वेळात बैलांत काहीच बदल झालेला नसतो; गुणाकारातला एक आकडा तेवढा बदललेला असतो. चाबकाने त्यातला कोणताच आकडा बदलत नाही.

चढाचाही हिशोब असाच आहे. वीस पावलांत एक पाऊल उंची चढणारा रस्ता असेल, तर घर्षणाखेरीज ओझ्याचा विसावा हिस्सा नुसता वर उचलायला लागतो. दीड टनाला तो 75 किलो झाला. सपाटीवरचे 30 त्यात मिळवा, 105 होतात. डोळ्यांना न दिसणारा हा चढ बैलाच्या मानेला मात्र बरोबर कळतो.

हे गणित कायद्यानेही ओळखले आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात 1960 मध्ये झाला, आणि ओढकाम करणाऱ्या जनावरांविषयीचे नियम 1965 मध्ये आले. मध्यम अंगाच्या, म्हणजे 200 ते 350 किलो वजनाच्या बैलाच्या दोनचाकी गाडीसाठी त्यांत तीन मर्यादा आहेत. हवेचे टायर नसतील तर 700 किलो, टायर असतील तर 1050, आणि बेअरिंग असेल तर 1400. बैल एकच, पण चाक बदलले की मर्यादा दीडपट, मग दुप्पट. आणि एक किलोमीटर किंवा त्याहून लांब असा चढ असेल, जिथे तीस मीटरमागे तीन मीटरहून जास्त उंची चढते, तर मर्यादा निम्मी. दुपारच्या उन्हासाठीही नियम आहे: पारा 37 अंशांच्या वर गेला, की बारा ते तीन जनावर जुंपायचे नाही. हे नियम कोणी दयेपोटी अंदाजाने केले असे वाटत असेल, तर आपला पाट, काठ्या आणि ताणकाटा आठवा. दयेला इथे गणिताचा आधार आहे.

एवढे ऐकून घर्षण हा शेतकऱ्याचा शत्रूच, असे कोणी म्हणेल. तसे नाही. बैल गाडी ओढतो तो जमिनीला मागे रेटून, आणि ते रेटणे घर्षणावाचून होत नाही. शेवाळलेल्या फरशीवर बैलाचे पाय सरकतात, तिथे त्याच्या अंगातला जोर असून नसल्यासारखा. बैलाला पत्र्या मारताना नुसती खुरांची झीज नव्हे, पकडही पाहावी लागते ती म्हणून. ट्रॅक्टरवाले नांगरटीच्या वेळी मागच्या टायरांत पाणी भरतात, तेही ओझ्याने पकड वाढते म्हणूनच. एकच नियम, गाडीखाली तो अडवतो, खुराखाली आणि टायरखाली तो साथ देतो.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की हा धडा व्याख्येपासून सुरू करू नका. पाट, काटा आणि सुतळी मुलांच्या हाती द्या, आणि आधी अंदाज सांगायला लावा. प्रत्येक ओझे तीनदा ओढू द्या. न बसणारा आकडा खोडू देऊ नका. त्याच्या मागे जा. मुलांच्या घरी बैल असतील तर गाडीचे ओझे, रस्ता आणि चढ यांचा हिशोब त्यांना घरच्यांबरोबर मांडू द्या. आणि शेतकरी बंधूंना एवढेच सांगतो: भरण्याआधी सडक पाहू नका, फडाचे तोंड पाहा. गाडी भरायची ती सगळ्यात वाईट पन्नास पावलांच्या हिशोबाने. उरलेल्या मोळ्या सडकेला आणून वर चढवल्या तरी चालतात, मात्र मर्यादेच्या आत.

तात्या आता नाहीत. त्यांना घर्षणाचा गुणांक हा शब्द कोणी सांगितला असता, तर ते हसले असते. पण गाडी रुतली म्हणजे आधी ओझे आणि वाट पाहायची, बैलाकडे मागाहून, हे त्यांना ठाऊक होते. पुढच्या हंगामात चुलत्यांनी फडाच्या तोंडाशी आधीच पाचट अंथरून ठेवले होते. चाबूक गाडीच्या साटीला नुसता लटकत होता.